शालनवहिनींच्या घराचं नेपथ्य

आमच्या घरातलं एकही दार सरळ उघडत नसे, आणि त्याला कारण नाटक होतं. माझे वडील गोव्यातल्या आमच्या पार्शे गावच्या नाट्यमंडळाचं नेपथ्य करीत. पोटापाण्यासाठी ते पेडण्याच्या एका कचेरीत कारकुनी करायचे, पण कोणी नव्या माणसाने तुम्ही काय करता म्हणून विचारलं तर ते ‘नेपथ्य’ एवढंच सांगत, आणि विचारणारा कचेरीच्याच कामासाठी आलेला असला तर बिचारा गोंधळून जाई. देवळाच्या जत्रेला मांडवात जो राजवाडा उभा राही, जो तुरुंग, जे अरण्य, ते सगळं बाबांच्या हातचं. प्लायवूडचे तक्ते, गोणपाट, खळ आणि रंग एवढ्या सामानावर ते असा महाल उठवीत की समोर बसलेल्या बायका त्याच्या खिडक्यांवरून भांडत. मागून पाहिलं तर तोच महाल चार खिळ्यांवर आणि गुरुदास गिरणवाल्याच्या पाठीवर तोललेला असे. समोरून देखणं दिसायचं, जत्रेपुरतं टिकायचं आणि सकाळी सहज उतरायचं, असं त्या विद्येचं शास्त्र होतं. बाबांची चूक एवढीच की तेच शास्त्र ते घरीही वापरीत.

आमचं स्वयंपाकघराचं दार थोडं उचलून, मग पायाने ढकलून उघडावं लागे. ओटीवरच्या एका जनेलाला, म्हणजे खिडकीला, सुरेख निळी झडप होती, ती भिंतीवर नुसती रंगवलेली होती. वारा हवा असला तर दुसऱ्या जनेलाकडे जायचं. फोनसाठी बाबांनी भिंतीवर फळी ठोकली होती, त्यामुळे फोन कायम जमिनीवर असे. आईने एक नियमच केला होता: बाबांनी नवं काही बसवलं की पंधरा दिवस त्याच्या खाली कोणी झोपायचं नाही. तिचं बाबांवर प्रेम होतं यात शंका नाही, कारण प्रत्येक नवी फळी ती आधी लांबून, समोरून पाही आणि बरी झाली म्हणे. मगच ती फळीखालचे डबे हळूच दुसरीकडे हलवी. आज माझा भाचा मोबाईलवर व्हिडिओ बघून मिक्सर उघडतो आणि सगळे भाग टेबलावर मांडून आता हे सोपं आहे म्हणतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला बाबा दिसतात. मी आईचा नियम त्याच्या मिक्सरलाही लावते.

आमच्या शेजारी शालनवहिनी राहत. मध्ये नुसता एक बुटका दगडी गडगा आणि शेवग्याचं झाड. त्यांचे यजमान दत्तादादा सैन्यात हवालदार होते, नकाशात अगदी वरच्या टोकाला कुठेतरी. सासू-सासरे गेलेले, घरात वहिनी आणि पहिलीत जाणारी मिनू. दत्तादादांचा फोन रविवारी सकाळी आमच्याकडे यायचा. पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजून गेला, चहात पाव बुडवून झाले, की वहिनी पदराला हात पुसत आमच्या ओटीवर येऊन जमिनीवर फोनजवळ बसत. दत्तादादांचा आवाज एवढा मोठा की ते काय विचारतात हे आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येई. ते आधी कौलं कशी आहेत विचारत, मग न्हाणीची मोरी, मग मागच्या भिंतीची भेग, आणि हे सगळं झालं की मिनू. वहिनी सगळ्याला ‘बरा आसा, बरा आसा’ म्हणत. फोन ठेवल्यावर त्या आईजवळ बसून, काय बरं नाही ते सविस्तर सांगत.

दत्तादादांना रजा मिळे ती चवथीच्या सुमाराला. ते येत, गणपती पोचवला की दुसऱ्या दिवशी शिडी लावत, आणि मग रजा संपेपर्यंत खाली उतरत नसत. कौलं बदल, वासा बदल, उतरले तर मोरी खण, भिंत लिंप. मागची रजाही तशीच गेली. त्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बाईंनी मिनूच्या वर्गाला ‘माझे बाबा’ असं चित्र काढायला सांगितलं. मिनूने शिडी काढली आणि शिडीच्या वरच्या टोकाला दोन पाय काढले. बाईंनी ते चित्र कौतुकाने भिंतीवर लावलं, आणि वहिनी ते पाहून आल्या त्या संध्याकाळी आमच्या मागच्या दारी घोटं, म्हणजे रायवळ आंबे, सोलत बसलेल्या आईला म्हणाल्या, “ह्या खेपेक ह्येंनी नुसता बसाचा. चेडवाक मांडीर घेवन बसाचा. घरात एक खिळो म्हणान ठोकूचो उरता नये, असा काय तरी करूक व्हया.”  आई काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला की वहिनींनी काळजी करू नये, काम मंडळाने घेतलं.

त्या वर्षी मंडळ मोकळंच होतं. आमचा नायक बोटीवर नोकरीला निघून गेला होता आणि गावात दुसऱ्या कोणाला तेवढी छाती नव्हती. बाबांनी दुसऱ्याच दिवशी गुरुदासच्या गिरणीत सभा बोलावली. गिरण चालू होती, त्यामुळे सीमेवरच्या जवानाविषयी बाबांनी केलेलं भाषण सगळ्यांना ओरडूनच ऐकावं लागलं. तो देश राखतो, तर आपण त्याचं घर राखू नये का, असा त्याचा सारांश. गावात सैन्यातल्यांची आणखी दोन घरं होती. शालनवहिनींचं झालं की ती घ्यायची असं ठरलं. कामाला पुढे आले ते नेहमीचेच: उचलायला आणि धरायला गुरुदास, आणि बाबुसो. हा बाबुसो बसवर कंडक्टर होता आणि मंडळाचा प्रॉम्प्टर. त्याला जन्माची एक सवय लागली होती. समोरचा काय बोलणार हे तो अर्धा क्षण आधी हळू आवाजात म्हणायचा. त्यामुळे बाबांनी हातोडी मागायच्या आत कुठूनतरी ‘हातोडी’ असा आवाज येई, आणि बाबांना ती आपल्याच मनातून आल्यासारखी वाटे.

श्रावणातल्या सुट्टीच्या दिवसांत त्यांनी काम काढलं. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि नोकरीची वाट पाहत घरात बसले होते, म्हणून सगळं जवळून पाहिलं. मागच्या भिंतीची भेग त्यांनी कापडाची पट्टी खळीने चिकटवून आणि वर रंग मारून अशी बुजवली की वहिनींना ती हात फिरवूनही सापडेना. कौलांतून पाणी गळून आतल्या भिंतीवर ओघळ आले होते, ते बाबांनी पुसून तिथे वेलबुट्टी काढली. पुढचं दार दोन्ही बाजूंना उघडेल अशी बिजागरी बसवली, कारण येणारा आणि जाणारा एकाच वेळी आला तर खोळंबा नको. न्हाणीच्या नळाला चांदीचा रंग दिला. संध्याकाळी तिघेही अंगणात उभे राहून, एक डोळा मिटून, घर समोरून पाहत. घर खरंच इतकं सुंदर दिसत होतं की रस्त्याने जाणारे थांबत. पुढच्या सरीला कापडाच्या पट्टीत पाणी शिरलं आणि भिंतीला पोट आलं.

वहिनींनी आरडाओरडा केला नाही. त्या शांतपणे आमच्याकडे आल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं की तुमच्या घरात खरा म्हणावा असा स्क्रू-ड्रायव्हर आहे का. त्या दिवसापासून आमची दुसरी पाळी सुरू झाली. मंडळी सकाळभर राबत. मग आई त्यांना चहाला आमच्याकडे बोलावी, गरम पाव, पातळ भाजी, वर केळी, आणि मग एखाद्या जुन्या नाटकाचं नाव काढी. बाबा राजवाड्याच्या तिसऱ्या अंकात शिरले की निदान तासभर बाहेर येत नसत. तेवढ्यात वहिनी आणि मी पट्टी सोलून काढत असू, भेग खरवडून सिमेंट भरत असू, नळाचं वायसर बदलत असू आणि वर पुन्हा बाबांचा रंग फासत असू, दिसायला फरक पडू नये म्हणून. हे सगळं वहिनींना कसं येतं याचं मला नवल वाटे. त्या म्हणाल्या, “एवढी वर्सां शिडयेखाली उबी रवलंय मगो. वयल्याक खयच्या वेळार काय हातात दिवचा ता कळला की अर्धा काम कळता.” कौलं शाकारायला त्या स्वतः चढल्या, आणि खाली शिडी धरून, वेळेवर कौल हातात देत मी अर्ध्या कामाचं शिक्षण घेतलं. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की बसतो हे मी बी.ए.नंतर शिकले, आणि आयुष्यात तेच जास्त उपयोगी पडलं.

बाबांना हे कळू द्यायचं नाही ही वहिनींची अट होती. म्हाताऱ्या माणसाने मनापासून केलं आहे, त्याचं मन मोडायचं नाही. बाबा तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा लहान होते हे आता लिहिताना लक्षात येतं, आणि मला वहिनींवर थोडा राग येतो. पण त्या अटीचा परिणाम असा झाला की बाबांनी केलेली एकही गोष्ट मोडेना. आठवडे गेले तरी भिंत भिंतीसारखी उभी, नळ गळत नाही, आत पाणी येत नाही. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. बाबांची चालच बदलली. गिरणीत बसून ते लोकांना सल्ले देऊ लागले. आणि माणसाचा आत्मविश्वास एकदा वाढला की तो वरच जातो, तसा बाबांचा गेला तो थेट छताला.

वहिनी भावाकडे कोरगावला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा बाबा, गुरुदास आणि बाबुसो दारात ओळीने उभे होते, पडदा उघडायच्या आधी उभे राहतात तसे. गणपतीच्या खोलीला सिलिंग झालं होतं. कौलांतून धूळ पडते, उंदीर काय काय टाकतात, देवाच्या डोक्यावर ते नको, म्हणून बाबांनी मंडळाचा अख्खा राजवाडा तिथे वर ठोकून दिला होता. तक्त्यांची रंगवलेली बाजू वर, कोरी खाली. फक्त एक तक्ता मापात बसेना म्हणून तो उलटा लागला होता, त्यामुळे गणपती बसतो त्या जागेच्या बरोबर वर महालाची एक कमान आणि कमानीत एक हिरवा पोपट दिसत होता. पोपट देवाला आवडेल असं बाबा म्हणाले. वहिनींनी वर पाहिलं, काठीच्या टोकाने तक्ता दाबून पाहिला, तो हलला नाही, तेव्हा त्यांनी मनापासून छान झालंय म्हणून सांगितलं. गुरुदासने खिळे मात्र भरपूर मारले होते.

चवथीच्या आदल्या दिवशी वहिनी, आई आणि मी पेडण्याच्या बाजारातून माटोळीचं सामान घेऊन आलो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, तोरिंगां, आंबाडे, रानातली माट्टीची आणि लालभडक कवंडळाची फळं बांधतात. घर केवढंही असो, ती माटोळी नसली तर गणपती बसला असं कोणी म्हणत नाही. ती चौकट वर्षानुवर्षं वहिनींच्या घरी वाशांना काथ्याने बांधलेली असायची. रंगकामाच्या वेळी बाबांनीच ती सोडवून दारामागे उभी केली होती. आता आम्ही पिशव्या खाली ठेवल्या, बाबुसोने चौकट आणली, आणि सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. वर सलग प्लायवूड होतं आणि पोपट होता. वासे त्याच्या वर कुठेतरी.

गोव्यातला माणूस बाकी काय वाटेल ते विसरेल, माटोळी विसरणार नाही. तिथे तर तिघेही देवभोळे, दर चवथीला स्वतःच्या घरी माटोळी बांधणारे. पण मला वाटतं चूक भक्तीची नव्हती, नाटकाची होती. रंगभूमीवरच्या राजवाड्याला छप्पर नसतं. बाबांनी जन्मभर भिंती केल्या, खांब केले, कमानी केल्या. वरच्या अंगाला काय असतं आणि त्याला काय टांगतात याचा विचार करायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. आता ती आली तशी बाबांना लगेच कल्पना सुचली. दोन्ही भिंतींत खुंट्या मारायच्या, कप्पीवरून दोरी घ्यायची, आणि माटोळी पडद्यासारखी वरखाली करायची. आरतीच्या वेळी ती हळूहळू खाली येईल. ‘हळूहळू,’ बाबुसो आधीच कुजबुजला होता. गुरुदासने दोरी धरून आरतीभर उभं राहायची तयारी दाखवली.

वहिनींनी एकदा मिनूकडे पाहिलं. उद्या सकाळी तिचा बाप दारात उभा राहणार होता, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या शिडी मागणार होता. बाबांना शेजारीपाजारी तात्या म्हणत. त्यांच्याकडे वळून वहिनी अगदी सौम्यपणे म्हणाल्या, “तात्यांनू, तुमी जावन च्या घेवन येवा.” तिघेही निमूट गेले. वहिनींनी पदर खोचला, मेजावर शिडी ठेवली, मला ती धरायला लावली आणि वर चढून बोटाच्या पेराने प्लायवूड ठोकत ठोकत आवाज ऐकू लागल्या. पोकळ, पोकळ, पोकळ, मग एकदम भरीव. तिथे त्यांनी गिरमिटाने दोन्ही अंगांना भोकं पाडली, काथ्या ओवून वाशाला वेढा घातला आणि गाठ मारली. चारी कोपऱ्यांना तसंच. पोपटाच्या शेपटीतून एक दोरी गेली, त्याला इलाज नव्हता. चौकट बांधून झाल्यावर सामानाचं वजन पेलेल की नाही याची त्यांना शंका आली, म्हणून त्यांनी शिडी काढायला सांगितली आणि चौकटीला दोन्ही हातांनी धरून स्वतःच लोंबकळल्या. मिनू टाळ्या वाजवायला लागली. नेमके तेव्हाच बाबा अर्धा पाव हातात घेऊन परत आले.

त्यांनी लोंबकळणाऱ्या वहिनींकडे पाहिलं, हातातल्या गिरमिटासकट माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळत गेलं. ते हळूच म्हणाले, “भिंत?” मी मान हलवली. “कौलां? नळ?” मी पुन्हा मान हलवली. बाबा दाराजवळची वेताची कदेल ओढून तीत बसले. असं मान खाली घालून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि मला रडूच येईल असं झालं. वहिनी खाली उतरल्या, हात झाडले आणि म्हणाल्या की पुढचं दार मात्र तात्यांचंच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. हे खरं होतं. त्या दाराला हात लावायची आमची छाती नव्हती. तरी बाबांनी मान वर केली, अर्धा पाव संपवला आणि सगळ्यांबरोबर तवशी बांधायला लागले.

दत्तादादा चवथीच्या सकाळी आले. उंच, काळेसावळे, खांद्यावर ट्रंक. दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या दाराने त्यांचं स्वागत केलं आणि पाठीत एक तडाखाही दिला. त्यांनी माटोळी पाहिली, पोपट पाहिला, हसले. आरत्या झाल्या, नेवऱ्या झाल्या, पातोळ्या झाल्या, खतखत्याचा टोप रिकामा झाला, दीड दिवसाने गणपती तळीवर पोचवला. दुसऱ्या दिवशी दत्तादादांनी शिडी लावली, वर गेले आणि लगेच खाली आले. मागच्या भिंतीशी जाऊन भेग शोधली. मोरीत पाणी ओतून पाहिलं. वहिनी दारात उभ्या राहून एवढ्या आनंदाने हसत होत्या की मलाही अभिमान वाटला. दत्तादादा म्हणाले, “बरा केलंस गो.” आणि मग ओटीवर येऊन बसले.

बसले ते बसलेच. वहिनींनी मिनूला न्हाऊ घालून, वेणी घालून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मिनू थोडा वेळ बसली, त्यांच्या मिशीला हात लावून पाहिला, आणि मग कंटाळून खेळायला गेली. मांडीवर बसून पुढे काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुपारी ती तबकातून पेल्यात पाणी घेऊन आली, पाव्हण्यांना द्यायला शिकवलं होतं तसं. दत्तादादांनी पाणी घेतलं आणि तिला ‘थँक्यू’ म्हटलं. पुढचे दिवस त्यांनी ओटीवरच्या चपला एका रेषेत लावल्या, गडग्याचे दगड सारखे केले, शेवग्याच्या शेंगा उंचीप्रमाणे मांडल्या. वहिनी काही उचलायला वाकल्या की ते धावत, आणि पोचेपर्यंत वहिनींनी ते उचललेलं असे. एवढ्या वर्षांच्या एकटीच्या सवयीचे हात. ते थांबत नसत.

मग एका संध्याकाळी ते आमच्याकडे फोन करायला आले. जमिनीवर बसून त्यांनी पलटणीत फोन लावला आणि त्या खणखणीत आवाजात कोणालातरी सांगितलं की तुझ्या घरी अडचण असेल तर तू आधी रजेवर जा, मी आठवडाभर लवकर येतो, उद्या पेडण्याला जाऊन तिकिटाचं बघतो. वहिनी तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात आईबरोबर नारळ खवत होत्या. त्यांचा हात विळीवर थांबला. फोन ठेवून दत्तादादा बाहेर दारापुढच्या बाल्कांवावर, तिथल्या दगडी बाकावर, बाबांजवळ टेकले. बाबांनी विचारलं, एवढ्यात का. ते म्हणाले, “घर आता बरा चलता, तात्यांनू. मी काय, आसलंय काय आनी नसलंय काय.” ते रागाने बोलले नव्हते, कौतुकानेच बोलले होते, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण होतं. वहिनींनी आतून सगळं ऐकलं. खोबऱ्याचं ताट तसंच ठेवून त्या मागच्या दाराने घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तादादा पेडण्याच्या बसमध्ये चढलेले मी पाहिले. बस वळणाआड गेली न गेली तोच वहिनी आमच्या ओटीवर हजर. डोळे सुजलेले, पण चेहरा ठाम. त्यांनी बाबांना विचारलं की थोडा वेळ आहे का, न्हाणीचा नळ जरा दुरुस्त करून द्यायचा होता. बाबा गांगरले. म्हणाले, तो नळ चांगला चालतो आहे, मी कालच पाय धुतले.

वहिनी म्हणाल्या, “म्हणानच तुमका सांगतंय.”

 आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी वहिनींकडे पाहिलं, आणि त्या काय मागत होत्या ते बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. मला क्षणभर भीती वाटली की ते चिडतील. कोणीही चिडलं असतं. बाबा उठले, आतून हत्यारांची पिशवी घेतली, आणि मी मागे निघाले तर मला हाताने थांबवलं. न्हाणीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं. भेग बुजवायला त्यांना दहा मिनिटं लागली होती, सिलिंगला एक दुपार. त्या एका नळापाशी ते सकाळभर बसले. मधूनमधून पाणी सुटल्याचा आवाज येई, पुन्हा बंद होई. बाहेर वहिनी मिनूला मांडीवर घेऊन बसून राहिल्या होत्या, आणि या वेळी मिनू हलली नाही.

बाबा आले ते डोक्यापासून पायापर्यंत भिजून. मी चहा आणून दिला आणि काय केलं म्हणून विचारलं. त्यांनी चहाचा कोप दोन्ही हातांत धरला.  आयुष्यभर त्यांनी वस्तू नीट करायच्या म्हणून मोडल्या होत्या. मोडायची म्हणून मोडलेली ही पहिलीच. ते म्हणाले, “वायसर कापलंय आनी आट्यो झिजयल्यो. आज नीट केल्यान तरी परवा गळतलो. तो नीट केल्यान की मोरी तुंबतली.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “रजा सोंपासर पुरतला.”

दुपारच्या बसने दत्तादादा आले. ते न्हाणीत हात-पाय धुवायला गेले आणि मग जो आवाज झाला तो गडग्यापलीकडून आमच्या बाल्कांवावर स्पष्ट ऐकू आला. पाणी, बादल्या, मिनूची किंकाळी आणि हसणं, पाना आण, तो नव्हे, मोठा, धर इथे, घट्ट धर. मिनूचा आवाज येत होता, धरलाय, धरलाय. तिकिटाचं काय झालं हे त्या दिवशी कोणी विचारलंच नाही. मग दत्तादादांनी सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ह्यो नळ बसयल्यान तरी कोणी?”

 वहिनीही तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, “तात्यांनी.”

त्यानंतर दत्तादादा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सैन्यातला माणूस, शब्दांची कमतरता नव्हती. आई आतून पंचा घेऊन आली आणि बाबांना म्हणाली, आत चला, डोकं पुसा, सर्दी होईल. बाबांनी हाताने तिला गप्प केलं. ते भिजलेल्या कपड्यांनी तसेच बाल्कांवावर बसून राहिले, चहा गार होऊ दिला, आणि पलीकडून येणारी प्रत्येक शिवी शेवटपर्यंत ऐकली.